जुन्या स्पीकरच्या पेटीतलं घुमणं कसं कमी करावं

रेडिओवर बातम्या लावा आणि निवेदकाचा आवाज नीट ऐका. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा तो येत असेल, ठरावीक अक्षरांवर फुगत असेल, तर दोष बहुतेक वेळा वूफरचा (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचा) नसतो, पेटीचा असतो. १९७० ते ९० च्या काळातले फिलिप्स, सोनोडाइन, कॉस्मिक यांचे स्पीकर किंवा सुताराकडून करवून घेतलेल्या पेट्या नाशकात अजून पुष्कळ घरांत आहेत. त्यांतल्या अनेकींच्या आत एक तर काहीच नसतं, नाहीतर चाळीस वर्षांपूर्वीच्या फोमचा चुरा असतो. थोडा वेळ, थोडं साहित्य आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढ्यावर हे काम होतं. मात्र दोन गोष्टी पाळायच्या. भरण ग्रॅममध्ये मोजायचं आणि जे काही घालाल ते उद्या काढता आलं पाहिजे.

दुखणं कोणतं ते आधी ठरवा

पेटीला दोन वेगळी दुखणी असतात आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. पहिलं, फळ्या थरथरतात. फळी स्वतःच वूफरच्या कोनसारखी (पुढच्या हलत्या पडद्यासारखी) हलते आणि आपला सूर मिसळते. त्याला वजन आणि आडवा आधार लागतो. दुसरं, आतली हवा घुमते. वूफरच्या पाठीमागून निघालेला आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये येरझाऱ्या घालतो आणि पातळ कोनमधून पुन्हा बाहेर येतो. त्याला लोकर किंवा तंतूंचं भरण लागतं. थरथरणाऱ्या फळीवर कितीही कापूस लावला तरी ती थांबत नाही, आणि घुमणाऱ्या हवेला डांबरी शीटने काही फरक पडत नाही. निम्म्याहून जास्त फसलेली कामं या गल्लतीमुळे फसलेली असतात.

हवा कुठल्या सुरावर घुमणार हे टेपने मोजून काढता येतं. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरा आणि त्याला आतल्या अंतराच्या दुपटीने भागा. आतून ६० सेमी उंच, ३२ सेमी रुंद आणि २६ सेमी खोल पेटी असेल तर उंचीचा घुमार २८६ हर्ट्झला, रुंदीचा ५३६ ला आणि खोलीचा ६६० हर्ट्झच्या आसपास येतो. हा सगळा पट्टा माणसाच्या आवाजाचा आहे. म्हणून तर बातम्या लावायच्या. नाशिक ढोलाची रेकॉर्डिंग लावून तपासायचा मोह होतो, पण त्या दणक्यात पेटीचा दोष झाकून जातो. बोलणारा पुरुषी आवाज तो लपवू देत नाही.

फळीची परीक्षा रव्याने होते. पेटी आडवी ठेवा, तपासायची फळी वर आणा आणि तिच्यावर चिमूटभर बारीक रवा पसरा. फोनवरच्या टोन जनरेटरमधून १०० ते ६०० हर्ट्झ असा सूर हळूहळू चढवत न्या. आवाज मोठ्याने बोलण्यापेक्षा थोडा वर ठेवा आणि एका सुरावर पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. ९ ते १२ मिमीच्या पातळ फळीवर एका क्षणी रवा नाचायला लागतो आणि जिथे फळी हलत नाही तिथे रेघ धरून गोळा होतो. मधली जागा साफ आणि कडेला कडं उमटलं, तर शीट नेमकी त्या साफ झालेल्या जागी चिकटवायची. १८ मिमीच्या पार्टिकल बोर्डवर रवा सहसा हलत नाही. तिथे बोटांची टोकं ठेवा किंवा साधा स्टेथोस्कोप लावा. जिथे सूर भुणभुणतो तो हर्ट्झचा आकडा आणि जागा पेन्सिलीने लिहून ठेवा.

कुठे हात आखडता घ्यायचा

व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओची पेटी पाठीमागून उघडी असते. तिच्यात काहीही भरू नका. व्हॉल्व्ह तापतात, तंतू पेटतात, आणि त्या रेडिओचा आवाज उघड्या पाठीवरच बेतलेला असतो.

नामांकित कंपनीच्या स्पीकरमध्ये मूळ भरण शाबूत असेल तर तो अभियंत्याने घेतलेला निर्णय आहे. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटर स्पीकरमध्ये मुद्दाम बर्चचा पातळ प्लाय वापरून त्यावर डांबरी पट्ट्या लावल्या होत्या. तशी पेटी ‘मजबूत’ करायला जाल तर तिचा स्वभावच जाईल. अशा ठिकाणी मूळ भरण बाहेर काढा, वजन करा, खराब झालं असेल तर तेवढ्याच ग्रॅमचं तसंच नवीन घाला आणि थांबा.

उघडणं

जोडीतला एकच स्पीकर उघडा. दुसरा जसाच्या तसा ठेवा, कारण तुलनेला तोच लागणार आहे.

पेटी पाठीवर झोपवा. वूफरचे स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे सैल करा. मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर ओढून घेतो आणि टोक थेट कोनमध्ये घुसतं, म्हणून एक हात आडवा, कोन झाकून धरायचा. जुनी गॅस्केट चिकटली असेल तर कडेने पातळ सुरी फिरवा. स्क्रूड्रायव्हर खाली घालून उचकटलं की पार्टिकल बोर्डचा कपचा निघतो. तारा सोडवण्यापूर्वी फोटो काढा आणि अधिक टोकाच्या तारेला लाल टेप गुंडाळा. एका बाजूला तारा उलट जोडल्या गेल्या की बास गायब होतो आणि लोक भरणाला दोष देत बसतात.

आत पिवळी किंवा पांढरी टोचणारी चटई दिसली तर ती काचेची लोकर समजा. एन९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या घाला, चटईवर पाण्याचा हलका फवारा मारा आणि गुंडाळून पिशवीत बंद करा. चिकट तपकिरी भुकटी दिसली तर तो झिजलेला पॉलियुरेथेन फोम. दमट हवेत तो असाच विरघळतो आणि त्याचे कण व्हॉइस कॉइलच्या (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) फटीत गेले की वूफर खरखरतो. भुकटी ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढा. व्हॅक्यूमचं तोंड वूफर आणि ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) यांच्याजवळ मात्र नेऊ नका, मधली टोपी (डस्ट कॅप) आत-बाहेर दबते. कोपऱ्यात वाळवीची माती किंवा फुगलेला बोर्ड असेल तर आधी ते दुरुस्त करा. आतली लेबलं, शिक्के, क्रॉसओव्हरवरचे (सूर वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणाऱ्या सर्किटवरचे) आकडे यांवर काहीही चिकटवू नका.

आधी गळती बंद करा

बंद पेटीत, म्हणजे हवा ये-जा करायला पोर्ट (भोक किंवा नळी) नसलेल्या पेटीत, वूफरचा कोन चार बोटांनी समतोल, अगदी हलका आत दाबा आणि सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन आला तर कुठेतरी फट आहे: पाठीची फळी, टर्मिनलची प्लेट, किंवा वूफरची कड. सांध्यांत फेविकॉल भरा, प्लेटखाली आणि वूफरखाली ३ मिमीची बंद छिद्रांची फोम पट्टी लावा. सिलिकॉन सीलंट वापरायचं असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातून निघणारं आम्ल तांब्याच्या तारा खातं. वूफर तर कुठल्याच सिलिकॉनने चिकटवू नका, पुढच्या वेळी तो तुटल्याशिवाय निघणार नाही. स्क्रूचं भोक ढिलं झालं असेल तर आगपेटीच्या दोन काड्या फेविकॉलमध्ये बुडवून आत ठोका, वाळल्यावर कापा.

फळ्यांचं काम

सगळ्यात जास्त फरक आडव्या दांड्याने पडतो. दोन बाजूंच्या फळ्यांमध्ये २५ मिमी जाडीचा गोल लाकडी दांडा बसवा. तो उंचीच्या बरोबर मध्यावर नको, साधारण पाचात दोन भागांवर असू द्या. मध्यावर बसवला तर फळीचे दोन सारखे तुकडे होतात आणि दोन्ही एकाच सुरावर बोलतात. ३२ सेमीचा असा दांडा पेटीतली जेमतेम ०.१६ लिटर जागा घेतो, त्याची काळजी नको. दांडा हाताने दाबून बसेल एवढाच लांब कापा. हातोडीने ठोकून बसवलात तर कोपऱ्यांचे सांधे उघडतात आणि नुकतीच बंद केलेली गळती परत येते. संग्रहातली पेटी असेल तर गोंद लावू नका, टोकांना नमद्याच्या (दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडाच्या) चकत्या ठेवून नुसता अडकवा.

वजनासाठी डांबरी डॅम्पिंग शीट गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात मिळते. हार्डवेअरच्या दुकानात नुसती ‘डांबरी शीट’ मागितलीत तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची गुंडाळी हातात पडेल. ती आगीच्या झोताने चिकटवायची असते, पेटीच्या आत तिला जागा नाही. गाड्यांसाठीच दुसरी एक शीट येते, ब्युटाइलवर ॲल्युमिनियमची फॉइल असलेली. ती मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यासाठी केलेली आहे. १८ मिमीच्या बोर्डवर ती महाग पडते आणि फारसं काही करत नाही, कारण ती पातळ फॉइल जाड लाकडाला आवरू शकत नाही.

वजनाचा हिशेब असा. १८ मिमी पार्टिकल बोर्ड चौरस मीटरला साधारण १२ किलो भरतो, १२ मिमी प्लाय ७ ते ८ किलो. ३ मिमी डांबरी शीट ४ ते ५ किलोची भर घालते. म्हणजे पातळ प्लायवर एक थर मोठा फरक करतो, जाड बोर्डवर त्याहून कमी. पूर्ण फळी मढवायची गरज नाही. रव्याने दाखवलेल्या मधल्या भागात, फळीच्या निम्म्या क्षेत्रावर लावा. त्यापुढे खर्च वाढतो, फायदा वाढत नाही.

शीट कापून दोन-तीन दिवस सावलीत मोकळ्या हवेत ठेवा, वास उडू द्या. लावताना हिवाळा असेल तर ती वाकत नाही, तडकते. निफाडकडची थंडी शहरातही जाणवते तेव्हा हेअर ड्रायरने शीट कोमट करा. गरम शीट करायची, फळी नाही, नाहीतर बाहेरचं व्हिनिअर सुटतं. फळीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या, शीट लावा, मधून कडेकडे रोलरने दाबत जा. नुसत्या चिकटपणावर विसंबू नका. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत डांबर मऊ पडतं आणि उभ्या फळीवरची शीट घसरून मॅग्नेटवर पडते. प्रत्येक शीटला सहा-आठ स्टेपल किंवा रुंद डोक्याच्या चुका मारा. १२ मिमी फळीला ८ मिमीची चूक, त्याहून लांब नको. ती बाहेरच्या व्हिनिअरमधून डोकावते.

हवेचं काम: कोणतं भरण

दुकानात उभं राहून करायची परीक्षा सोपी आहे. साहित्याचा तुकडा ओठांशी धरा आणि जोरात फुंकर मारा. हवा अडखळत पलीकडे गेली तर उपयोगाचं. आरपार सहज गेली तर विरळ, अजिबात गेली नाही तर निरुपयोगी. थर्माकोल, अंड्यांचे ट्रे, रबरी पाठीचा गालिचा आणि बंद छिद्रांचा फोम इथेच बाद होतात.

गादीवाल्यांकडे मिळणारा रेक्रॉनसारखा पॉलिस्टर तंतू सर्वांत सोयीचा. त्याला कसर लागत नाही, ओल धरत नाही आणि किलोवर मिळतो. मात्र घट्ट गोळे येतात, ते हाताने पिंजून मोकळे करावे लागतात. एक गोळा सोडवून बघा: मुठीएवढा तुकडा नीट मोकळा केल्यावर नारळाएवढा झाला पाहिजे. तेवढा फुलला नाही तर तो नुसती जागा अडवेल. भिंतींना लावायला १० ते १२ मिमीचा लोकरीचा नमदा उत्तम. काचेची किंवा दगडी लोकर शोषणात सरस आहे, पण ती पातळ सुती कापडात शिवूनच वापरा. गादीचा साधा कापूस टाळा. तो बसतो, ओल धरतो, आणि दोन पावसाळ्यांत तळाशी लोळागोळा होतो.

जुनी घोंगडी हा आपल्याकडचा अस्सल पर्याय आहे. जाडसर, खरखरीत लोकर, भिंतीला दोन पदरी लावली तर मधल्या आणि वरच्या सुरांवर छान काम करते. फक्त घोंगडीला विणताना चिंचोक्याची खळ दिलेली असते आणि किडे तिच्यासाठीच येतात. कोमट पाण्यात दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच कापा. कसर लागू नये म्हणून पेटीत डांबरगोळ्या टाकायची कल्पना सुचते, ती नको. नॅप्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरिन मऊ पडतं आणि काही जुन्या वूफरचे कोन त्याच जातीच्या प्लास्टिकचे असतात.

बंद पेटी: किती आणि कुठे

वरच्या उदाहरणातली पेटी सुमारे ५० लिटरची. सुरुवात लिटरला ८ ग्रॅमने करा, म्हणजे ४०० ग्रॅम. वरची मर्यादा लिटरला १६, म्हणजे ८०० ग्रॅम धरा. मधली वाट १००-१०० ग्रॅमने चालायची.

जागा महत्त्वाची आहे. भिंतीला लागून हवा जवळजवळ स्थिर असते, तिथे दाब असतो, हालचाल नसते. तंतू हालचालीला अडवतात. २८६ हर्ट्झचा जो उभा घुमार आहे त्याची हवा सर्वांत जास्त पेटीच्या मध्यावर, म्हणजे वर-खालून ३० सेमीवर हलते. म्हणून भिंतीला २५ मिमीचं अस्तर लावून तो जात नाही. अस्तराने हजार हर्ट्झच्या पुढचे सूर शोषले जातात. उंचीच्या मध्यावर आडवी, सैल गादी ठेवली की उभा घुमार मरतो. दोन्ही हवं: पाठीला, वर आणि एका बाजूला अस्तर, मध्यावर गादी.

गादी घसरून खाली बसू नये म्हणून मच्छरदाणीची जाळी दोन भिंतींमध्ये ताणून स्टेपल करा आणि तीवर तंतू ठेवा. वूफरच्या कोनमागे ५ सेमी जागा मोकळी हवी. मॅग्नेटच्या मागे भोक असेल तर त्यासमोरही. मोकळा तंतू तिथून आत खेचला जातो. क्रॉसओव्हरवरचे सिरॅमिक रेझिस्टर तापतात, त्यांना तंतू टेकू देऊ नका.

योग्य भरलेली बंद पेटी वूफरला खरीपेक्षा मोठी वाटते, कारण तंतू हवेची उष्णता घेतात-देतात आणि हवा मऊ होते. कागदावर ही वाढ ४० टक्क्यांपर्यंत जाते, प्रत्यक्षात १५-२० टक्के मिळाली तर समाधान माना. त्यापुढे ठासत गेलात तर तंतूच जागा खातात, बास कोरडा पडतो आणि गाण्यातला जीव जातो.

पोर्टची पेटी

इथे उलट. पोर्टच्या पेटीत हवेने मोकळेपणी डोललं पाहिजे. फक्त समोरासमोरच्या भिंतींच्या प्रत्येक जोडीतल्या एकीला २५ मिमी अस्तर लावा आणि पोर्टच्या आतल्या तोंडाभोवती निदान पोर्टच्या व्यासाएवढी जागा पूर्ण मोकळी सोडा. मधली गादी हवीच असेल तर पातळ, आणि वूफर ते पोर्ट या वाटेपासून दूर. सुटा तंतू अजिबात नको. पोर्टचा वारा तो आठवड्याभरात बाहेर काढतो. पोर्टच्या पेटीत बंद पेटीएवढं भरण घातलं की पोर्ट मुका होतो आणि लोक म्हणतात, ‘डॅम्पिंग केल्यावर बासच गेला.’

मोजून बघा

महागडं उपकरण लागत नाही. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधल्या एका तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडा. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर, स्पीकरच्या दोन टोकांवर. स्वस्त मीटरना एसीची २०० व्होल्टचीच रेंज असते, ती चालणार नाही. २ व्होल्ट किंवा त्याहून लहान रेंज हवी. ॲम्प्लिफायर ५ व्होल्टला लावा. ८ ओहमवर सुमारे ४० मिलिव्होल्ट दिसतील आणि वीज इतकी थोडी असेल की जुन्या वूफरला धोका नाही. आता २० ते १५० हर्ट्झ सूर एकेक हर्ट्झने चढवा आणि आकडे लिहा.

बंद पेटीत आकड्यांचं एकच शिखर येतं. १०० ग्रॅम तंतू घातल्यावर ते थोडं खाली सरकतं आणि बुटकं होतं. पुढच्या १०० ग्रॅमना आणखी थोडं. ज्या पायरीला ते सरकायचं थांबलं किंवा उलट वर जायला लागलं, तिच्या आधीची पायरी तुमची. पोर्टच्या पेटीत दोन शिखरं आणि मधे दरी दिसते. अस्तर लावल्यावर दोन्ही शिखरं जरा उतरणं ठीक, पण दरी भरून येऊन सपाट झाली तर अस्तर काढायला घ्या.

मग कान. दोन्ही स्पीकर शेजारी ठेवा, मोनो करा आणि बॅलन्सचा खटका इकडून तिकडे फिरवा. आधी बोलणं, मग डग्गा, मग तानपुरा. डग्ग्याची घुमक गोल राहून सुटली पाहिजे, लांबत जाता कामा नये. तानपुऱ्याची जवारी धूसर झाली असेल तर वरच्या सुरांचं शोषण जास्त झालंय, वूफरमागचं अस्तर कमी करा. एका दिवसात निर्णय घेऊ नका. दोन-तीन संध्याकाळी ऐका, मगच दुसरी पेटी उघडा. दोन्हींतलं भरण दहा ग्रॅमच्या आत सारखं ठेवा, नाहीतर आवाजाचं चित्र एका बाजूला कलतं.

हे काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत करावं. जुलै-ऑगस्टच्या हवेत नमदा आणि घोंगडी कोरडी वाटली तरी कोरडी नसते, आणि ओल आत बंद झाली की बोर्ड फुगतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या मातीच्या भिंती पावसाळाभर ओल सोडतात. तिथे पेटी भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंचावर हवी.

पाठीची फळी लावण्यापूर्वी तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख, तंतूचा प्रकार, ग्रॅम आणि शिखराचा हर्ट्झ लिहा. काढलेलं मूळ भरण, चांगलं असेल तर, वजनाची चिठ्ठी घालून पिशवीत बंद करा आणि स्पीकरच्या कागदपत्रांसोबत ठेवा.